पासवर्ड कोडमध्ये नको: क्लाउडवरच्या बॅकएंडचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स

नाशिकमध्ये सध्या कुठंही बसा, गप्पा फिरून सिंहस्थावर येतात. म्हणून आजचं उदाहरण तिथलंच घेऊ.

समजा, तुमच्या टीमनं २०२७ च्या कुंभासाठी ‘हरवले-सापडले’चं अ‍ॅप बनवलंय. रामकुंडावर गर्दीत कुणाची आजी चुकली. स्वयंसेवकानं तिचा फोटो आणि घरच्यांचा मोबाइल नंबर टाकला, की ते क्लाउडवरच्या डेटाबेसमध्ये जातं. आता त्या डेटाबेसचा पासवर्ड कुठं लिहायचा?

बरेच जण सरळ कोडमध्येच लिहितात. लॅपटॉपवर सगळं झकास चालतं. मग कोड गिटहबवर जातो आणि पासवर्डही सोबत जातो. ‘पण आमची रिपॉझिटरी प्रायव्हेट आहे ना!’ अहो, उबरचीही प्रायव्हेटच होती. २०१६ मध्ये हल्लेखोर तिच्यात शिरले, तिथं त्यांना एडब्ल्यूएसची की सापडली आणि जगभरातल्या सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती त्यांच्या हाती लागली. कंपनीनं ते जाहीर केलं वर्षभरानं, नोव्हेंबर २०१७ मध्ये. आपल्याकडे तर आजीचा फोटो आणि नंबर दोन्ही आहेत. ‘आजी सापडली, आधी पैसे पाठवा’ असा फोन करायला भामट्याला आणखी काय लागतं?

हेरोकूच्या मंडळींनी २०११ च्या सुमारास ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर अ‍ॅप’ नावाचे काही नियम मांडले. त्यातली कसोटी मला फार आवडते: तुमचा कोड आत्ता सगळ्यांसाठी खुला केला, तर एखादं गुपित फुटेल का? फुटणार असेल, तर ते कोडबाहेर काढा. म्हणजे कोडमध्ये फक्त नाव राहतं, ‘डेटाबेस यूआरएल’, आणि खरी किंमत सर्व्हर देतो. लॅपटॉपवर टेस्टचा डेटाबेस, क्लाउडवर खरा, कोड तोच.

लॅपटॉपवर या किमती डॉट-ईएनव्ही फाइलमध्ये ठेवा आणि पहिल्या कमिटच्या आधीच ती गिट-इग्नोरमध्ये टाका. सोबत नुसत्या नावांची एक नमुना फाइल द्या, म्हणजे नवीन मेंबर रात्री अकराला फोन करणार नाही. क्लाउडवर ही फाइल चढवायची नाही. तिथं डॅशबोर्डमध्ये एन्व्हायर्नमेंटचा विभाग असतो, त्यात एकेक किंमत भरायची.

आता खरी डोकेदुखी. फाइलमध्ये किमतीभोवती अवतरण चिन्हं चालतात, पण बऱ्याच डॅशबोर्डवर ती किमतीचाच भाग होतात आणि मग कनेक्शन काही केल्या होत नाही. पासवर्डमध्ये ‘@’ असेल तर यूआरएल तिथंच तुटू शकते, तो एन्कोड करावा लागतो. आणि प्रत्येक किंमत ही स्ट्रिंग असते बरं का! ‘डीबग’ला तुम्ही ‘फॉल्स’ लिहिलंत, तरी जावास्क्रिप्टच्या ‘इफ’ला ती भरलेली स्ट्रिंग दिसते, म्हणजे खरीच. डीबग चालूच राहतं. किंमत बदलल्यावर सर्व्हर रीस्टार्ट करा, चालू प्रोसेसला नवीन किंमत आपोआप कळत नाही. पोर्ट नंबरही स्वतः ठरवू नका, हेरोकूसारख्या ठिकाणी तो प्लॅटफॉर्म देतो.

माझा एक हट्ट आहे: सर्व्हर सुरू होतानाच सगळी नावं तपासा आणि एखादी किंमत नसेल, तर नाव सांगून तिथंच बंद पडू द्या. पर्वणीच्या दिवशी पहाटे कळण्यापेक्षा डिप्लॉय करतानाच कळलेलं बरं. आणि फ्रंटएंडच्या व्हेरिएबल्समध्ये गुपित अजिबात नको. ते बिल्डमध्ये मिसळून थेट ब्राउझरमध्ये जातं, कुणीही वाचू शकतं.

पासवर्ड आधीच गिटहबवर गेला असेल तर? नुसती ओळ पुसून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये ती शिल्लक असते. आधी डेटाबेसचा पासवर्ड बदला, मग नवीन क्लाउडवर भरा, रीस्टार्ट करा आणि त्यानंतर हवं तर हिस्टरी साफ करत बसा.

पुढच्या भागात लॉग्सबद्दल बोलू, कारण काही जण हेच सगळे व्हेरिएबल्स लॉगमध्ये छापतात! भेटूया.