यंत्रमागांचे इचलकरंजी

इचलकरंजी हे पंचगंगेच्या काठचे, कापडाचे शहर.
जिल्हा कोल्हापूर.

श्रोतेहो, पूर्वी येथे घोरपडे घराण्याची जहागीर होती.
नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी उद्योगाला उत्तेजन दिले.
1904 साली विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग सुरू केला.
कापडाचे शहर घडू लागले ते तेव्हापासून.

हे शहर एखाद्या बड्या गिरणीभोवती वाढले नाही.
काम छोट्या छोट्या कारखान्यांत वाटले गेले.
इचलकरंजीचे खरे बळ हेच.

सूत आले, की आधी सायझिंग होते.
म्हणजे ताण्याच्या धाग्यांना खळ चढवतात.
खळीमुळे धागा मागावर सहसा तुटत नाही.
मग या धाग्यांचा रूळ, म्हणजे बीम, मागावर चढतो आणि खडखडाट सुरू होतो.
विणलेले कोरे कापड पुढे धुलाई-रंगाईला जाते.

रंगाईला पाणी भरपूर लागते.
तिचे सांडपाणी ही पंचगंगेची जुनी आणि रास्त तक्रार.
नदीही कधी शहरात शिरते.
2005 आणि 2019 चे महापूर इथले लोक विसरलेले नाहीत.

या कापडाच्या शहरात 1974 साली मराठी साहित्य संमेलनही भरले.
अध्यक्ष होते पु. ल. देशपांडे.

2022 साली इचलकरंजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली.