निराधार बालक आणि सार्वजनिक तिजोरी

(तळोजा येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



दत्तक हा शब्द उच्चारला की मराठी मनापुढे संस्थानांच्या गाद्या, वतने आणि वंशाचा दिवा उभा राहतो. शतकानुशतके दत्तकविधान झाले ते मालमत्तेला वारस मिळावा म्हणून. बालकाला घर मिळावे म्हणून नव्हे. या कल्पनेला महाराष्ट्रात पहिला मोठा धक्का महात्मा फुले यांनी दिला. १८६३ साली त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि तेथे आलेल्या एका विधवेच्या मुलाला, यशवंताला, जोतीराव व सावित्रीबाईंनी आपला पुत्र मानले. १८७५ साली पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाजाचा बालकाश्रम सुरू झाला. दीडशे वर्षांपूर्वी व्यक्तींच्या धैर्यावर उभे राहिलेले हे कार्य आजही देणगीदारांच्या औदार्यावर विसंबून राहावे काय, हा खरा प्रश्न आहे.

कायदा या काळात बराच पुढे आला आहे. १९५६ चा दत्तक कायदा केवळ हिंदूंपुरता होता. मुस्लिम, ख्रिस्ती व पारशी कुटुंबांना १८९० च्या कायद्याखालील पालकत्वावर समाधान मानावे लागे. बालन्याय कायद्याने ही भिंत ओलांडली आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला या कायद्याखाली दत्तक घेता येते, हे स्पष्ट केले. तळोज्यासारख्या संमिश्र वस्तीच्या गावात या निर्णयाचे मोल मोठे आहे. २०१५ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात विशेष दत्तक संस्थेला मान्यता देण्याचे दायित्व राज्य शासनावर टाकले. २०२१ च्या दुरुस्तीनुसार सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. म्हणजे दत्तक हे आता प्रशासनाचे काम झाले. काम शासनाचे झाले, परंतु त्याचा खर्च मात्र पुरतेपणी शासनाचा झाला नाही.

संसदेच्या स्थायी समितीने २०२२ साली या विषयावर अहवाल दिला. त्यातील तीन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. डिसेंबर २०२१ मध्ये दत्तक घेऊ इच्छिणारे २७,९३९ पालक नोंदणी करून थांबले होते. दत्तक देण्याजोगी ६,९९६ बालके संस्थांमध्ये होती. त्यांपैकी कायद्याने दत्तकयोग्य घोषित झालेली होती केवळ २,४३०. सुस्थित वर्ग पहिला आकडा पाहून 'मुले मिळत नाहीत' अशी तक्रार करतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यांमधील साडेचार हजार बालकांची तक्रार मात्र कोणी मांडत नाही, कारण त्यांच्या वतीने बोलणारा कोणी नाही.

ही बालके का अडकतात? मूल टाकलेले आढळले तर त्याच्या पालकांचा शोध घ्यावा लागतो. वृत्तपत्रात जाहिरात द्यावी लागते, पोलिसांचा अहवाल मिळवावा लागतो, सामाजिक चौकशी करावी लागते. मग बालकल्याण समिती निर्णय देते. दोन वर्षांपर्यंतच्या बालकासाठी दोन महिने आणि त्याहून मोठ्यासाठी चार महिने अशी कायद्याची मुदत आहे. आईने स्वतः मूल सोपविले तर तिला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. त्या काळात तिच्याशी बोलणारे, तिचा धीर राखणारे माणूस हवे असते. ही सारी कामे पगारी, प्रशिक्षित आणि कायम नेमलेल्या माणसांची आहेत. समितीची बैठक लांबली, चौकशी अधिकाऱ्याचे कंत्राट संपले, तर फाईल थांबते. फाईल थांबली तरी बालकाचे वय थांबत नाही. आणि मोठ्या मुलाला घर मिळणे अधिक कठीण असते.

खर्चाची व्यवस्था कशी आहे? केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत बहुतेक राज्यांसाठी केंद्र ६० टक्के व राज्य ४० टक्के भार उचलते. २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या योजनेला सर्व देशासाठी १,४७२ कोटी रुपये होते. त्यातच बालगृहे, निरीक्षणगृहे, समित्या आणि दत्तक हे सारे आले. उरलेला भार दत्तक घेणाऱ्यांवर येतो. २०१७ च्या नियमावलीने गृहपाहणीचे ६,००० आणि बालसंगोपन निधीचे ४०,००० रुपये त्यांच्याकडून घ्यावयाचे ठरविले. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगाराला ही रक्कम कोठून परवडणार? प्रेम करण्याची पात्रता पगारपत्रकावर ठरू लागली तर दत्तक ही पुन्हा मालदारांचीच प्रथा होईल.

येथेच स्थानिक स्वराज्य संस्थेचा प्रश्न येतो. पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झाली आणि तळोज्याचा भाग तिच्या हद्दीत आला. कारखाने आले, सिडकोच्या इमारती उभ्या राहिल्या, परप्रांतांतून आणि मराठवाडा-विदर्भातून कामकरी कुटुंबे आली. गाव शहर झाले. परंतु अडचणीतील एखाद्या मातेचे प्रकरण निघाले की जिल्ह्याचे ठिकाण दूर अलिबागला. रोजंदारी बुडवून तिने किती खेपा घालाव्यात? नागरी संस्थांनी अंदाजपत्रकातील पाच टक्के निधी महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवावा, असे राज्याचे धोरण आहे. त्या निधीतून दवाखान्यांत व प्रसूतिगृहांत एक-एक प्रशिक्षित समाजसेविका नेमता येणार नाही काय?

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की सरकारी पैसा आला की दत्तकाला उत्तेजन मिळेल आणि गरिबांची मुले श्रीमंतांच्या घरी जातील. ही भीती खोटी नाही. म्हणूनच पहिला रुपया आईसाठी खर्च झाला पाहिजे. राज्याच्या बालसंगोपन योजनेत एकल मातेच्या मुलासाठी दरमहा २,२५० रुपयांची तरतूद २०२३ साली झाली. ही मदत वेळेवर मिळाली तर केवळ दारिद्र्यापायी मूल सोपविण्याची पाळी अनेक मातांवर येणार नाही. आईला पर्याय असतो तेव्हाच तिच्या संमतीला अर्थ असतो.

दुसरा आक्षेप असा, की स्वयंसेवी संस्था हे काम आपुलकीने करतात, शासनाने त्यात पडू नये. पुण्यात ससून रुग्णालयाच्या आधाराने १९६४ पासून चालत आलेले 'सोफोश'चे काम पाहिले, की आपुलकी आणि सार्वजनिक व्यवस्था एकत्र नांदू शकतात हे दिसते. उलट बाजूही विसरता येत नाही. तळोज्याच्या शेजारी कळंबोलीत एका खासगी निवासी संस्थेतील मतिमंद मुलींवर झालेले अत्याचार २०११ साली उघडकीस आले. देखरेखीला पैसा आणि माणूस नसला की दयेच्या नावाखाली काय घडू शकते, याची ती साक्ष आहे.

केवळ कायद्याने भागत नाही, हे इंग्लंडनेही दाखविले आहे. तेथे १९७५ च्या कायद्याने दत्तकसेवा ही स्थानिक सरकारांची जबाबदारी ठरविली. दत्तक गेलेल्या मुलांच्या उपचारांसाठी २०१५ साली स्वतंत्र निधीही निघाला. परंतु २०२५ साली काटकसरीच्या नावाखाली प्रत्येक मुलामागची वार्षिक मर्यादा ५,००० पौंडांवरून ३,००० वर आणली गेली. मिळालेला हक्क राखण्यासाठीही जागरूक चळवळ लागते.

तेव्हा कार्यकर्त्यांपुढील काम स्पष्ट आहे. महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकात बालकल्याणाच्या निधीचा हिशेब मागावा. जिल्ह्यातील बालसंरक्षणाची रिक्त पदे कायम नेमणुकीने भरण्याची मागणी करावी. बालकल्याण समितीची बैठक पनवेल भागातही नियमित भरावी, असा आग्रह धरावा. ऐपत नसलेल्या पालकांचे शुल्क सार्वजनिक निधीतून भरले जावे. वस्तीवस्तीत १०९८ हा बालसाहाय्याचा क्रमांक पोहोचवावा, आणि अडचणीतील स्त्रीला न्यायनिवाडा न करता आधार द्यावा. जोतीरावांनी स्वतःच्या घराचे दार उघडले होते. लोकशाहीत ते दार शासनाचे असते, आणि ते उघडे ठेवण्याचा खर्च सर्वांनी मिळून करावयाचा असतो.