भोक तेवढेच, ऐकणे वेगळे



 आपली परिषद भरली आहे त्या आळंदला घरात मराठी, बाजारात कन्नड, दर्ग्यापाशी दखनी बोलतात. अशा गावात मुलाचा कान अधू झाला, तर त्याच्या तिन्ही भाषा अधू राहतात.

आमच्याकडे कान फुटला की कोमट तेल घालतात आणि ‘मोठा झाल्यावर थांबेल’ म्हणतात. थांबेल हे म्हणणे अगदीच निराधार नाही. लहानपणी कान आणि घसा जोडणारी नळी आखूड व आडवी असते, म्हणून सर्दी चटकन कानात उतरते. वयाबरोबर नळी लांब आणि तिरपी होते. मात्र फाटून राहिलेल्या पडद्याला वय वाढल्याचा भरवसा देता येत नाही.

पडद्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडे आहेत. रिकीब जेमतेम ३ मिलिमीटर उंच. पडदा तिच्या तळाच्या सुमारे १७ पट मोठा, म्हणून आवाजाचा दाब वीसेक पट वाढून आत पोचतो. पडद्यामागची हवेची पोकळी मात्र माणसागणिक बदलते: कुणाची २ मिलिलिटर, कुणाची २०. बोस्टनच्या संशोधकांनी दाखवले आहे की पडद्याचे भोक तेवढेच असले, तरी पोकळी लहान असणाऱ्याला कमी ऐकू येते. म्हणजे पडदे सारखेच फाटलेल्या दोन मुलांपैकी एक धडाधड उत्तरे देतो. दुसरा मान कलती करून गुरुजींच्या ओठांकडे बघत राहतो आणि ‘याचे लक्षच नसते’ हा शिक्का घेऊन घरी जातो. हा अन्याय मला फार बोचतो. नुसता पडदा बघून भागत नाही, ऐकणे मोजलेच पाहिजे.

मोजायचे कुठे? थोर संस्था आहेत, त्यातल्या एकीच्या नावाशी तर आमचे जुने नाते आहे. आळंद १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. त्याच हैदराबादचे अली यावर जंग पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. त्यांच्या नावाची श्रवणदोषांवरची राष्ट्रीय संस्था १९८३ साली मुंबईत वांद्र्याला निघाली. म्हैसूरची वाक्-श्रवण संस्था १९६५ची. दोन्ही थोर, पण तूर विकून घर चालवणाऱ्याला दोन्ही लांब. श्रवणमापनाची सोय तालुक्यातच हवी आणि कान वाहणाऱ्या प्रत्येक मुलाची तपासणी तिथे व्हावी, असा ठराव या परिषदेने करावा, ही माझी कळकळीची मागणी आहे.

दुपारी कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा बेत आहे. गोड मानून घ्यावा. आता उद्घाटकांनी दीपप्रज्वलन करावे, अशी विनंती करतो.