हौसेची मोटार

मोटार विकत घेण्याचीं कारणें बहुधा चारचौघांत सांगतां येण्याजोगीं असतात. कचेरी दूर आहे, मुलें लहान आहेत, म्हाताऱ्या आईला आगगाडीची दगदग सोसत नाहीं. आणि या कारणांपुढें घरांत कोणी फारसा वाद घालीत नाहीं. परंतु दारांत एक मोटार उभी असतांना घरचा कर्ता गृहस्थ जेव्हां दुसरी, तीही दोनच माणसें बसतील अशी, उघडी, बुटकी मोटार घेण्याची गोष्ट काढतो, तेव्हां त्याच्याजवळ असें कारण नसतें. कॉलेजांत असतांना कोठल्याशा रस्त्यावरून तशी एक गाडी झर्रकन् गेलेली त्यानें पाहिलेली असते, एवढेंच. कुटुंबांत माणसें चार आणि गाडींत जागा दोन, हा हिशेब त्याची पत्नी एका वाक्यांत सांगते, आणि त्याला उत्तर नसतें.

तरीही या ओढीला हंसण्याचें कारण नाहीं. सतार घेणारा मनुष्य ती बाजारहाटास उपयोगी पडेल म्हणून घेत नाहीं. मात्र ती वाजवावयास शिकावें लागेल आणि तार तुटली तर बदलावी लागेल, एवढें त्यास ठाऊक असतें. मोटारीच्या बाबतींत पुष्कळांना हेंच ठाऊक नसतें. शनिवार-रविवारच्या मोटारींत दोन निराळ्या हौशी एकाच पुडक्यांत बांधून येतात: एक चालविण्याची आणि दुसरी सांभाळण्याची. एकीची हौस असणाऱ्यानें दुसरीची गाडी घेतली, कीं ती दोन वर्षांच्या आंत आच्छादनाखालीं उभी राहते. आणि मग तिच्यावरून घरांत जें बोलणें होतें तें पेट्रोलपेक्षां महाग पडतें.

या हौशीचें मूळ पाहावयाचें तर इंग्लंडांतील ऑक्सफर्ड शहराकडे वळावें लागतें. तेथें विल्यम मॉरिस यांच्या ‘मॉरिस गॅरेजेस’ या संस्थेचा कारभार १९२२ सालीं सेसिल किंबर यांच्या हातीं आला. मॉरिस यांच्या साध्या घरगुती मोटारींना त्यांनीं देखणें, हलकें रूप दिलें, आणि संस्थेच्या आद्याक्षरांवरून या गाड्यांस एम. जी. हें नांव पडलें. १९२९ सालीं त्यांची ‘मिजेट’ ही चिमुकली गाडी १७५ पौंडांस मिळूं लागली. एंजिन स्वस्त मॉरिस मायनरचें, अवघें ८४७ घनसेंटिमीटरचें. अंग प्लायवूडचें व त्यावर कापड ताणलेलें. तोंवर स्पोर्ट्स मोटार ही बहुतांशीं श्रीमंतांची चैन होती. मिजेटनें ती पगारदार तरुणाच्या आवांक्यांत आणली. त्याच सुमारास कारखाना जवळच्या ॲबिंगडन गांवीं गेला आणि पुढील पन्नास वर्षें तेथेंच राहिला.

दुसरें महायुद्ध संपल्यावर १९४५ सालीं याच कारखान्यांतून ‘टी. सी.’ नांवाची मिजेट बाहेर पडली. किंबर मात्र ती पाहावयास राहिले नाहींत. १९४१ सालीं त्यांना कारखाना सोडावा लागला होता, आणि फेब्रुवारी १९४५ मध्यें लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावरील आगगाडीच्या अपघातांत त्यांचा अंत झाला.

टी. सी. ही गाडी जन्मतःच जुनी होती असें म्हटलें तरी चालेल. सायकलीसारखीं तारांचीं, १९ इंच व्यासाचीं उंच चाकें. पुढें आणि मागें बैलगाडीच्या जातीचा अखंड आंस व त्याखालीं पोलादी पाटे. ॲश नांवाच्या लांकडाचा सांगाडा आणि त्यावर पत्रा. समोरची कांच पुढें आडवी पाडतां येई, म्हणजे वारा आणि चिलटें थेट तोंडावर. १,२५० घनसेंटिमीटरच्या एंजिनाची शक्ति ५४ अश्वांची, आणि अगदीं पिटाळली तर गाडी ताशीं ७५ मैलांच्या आसपास जाई. त्याच काळच्या अमेरिकन फोर्डचें आठ नळकांड्यांचें एंजिन १०० अश्वशक्तीचें होतें. सरळ रस्त्यावर एखादी शांत कुटुंबवत्सल फोर्ड या स्पोर्ट्स मोटारीस सहज मागें टाकी.

असें असूनही युद्धकाळीं इंग्लंडांत राहिलेल्या अमेरिकन सैनिकांना या गाड्यांनीं वेड लावलें. १९४९ पर्यंत टी. सी. च्या सुमारें १०,००० गाड्या तयार झाल्या. त्यांपैकीं अमेरिकेंत अधिकृतपणें गेल्या त्या सुमारें २,०००. त्याही उजव्या हाताला चक्र असलेल्या, म्हणजे तेथील रस्त्यांच्या उलट. पण वळण आलें कीं या गाडीचें मर्म कळे. चक्र किंचित् फिरवितांच नाक वळे, रस्त्यावरचा प्रत्येक खडा चक्राच्या काठांतून तळहाताला कळे, आणि गियर योग्य क्षणीं बदलला नाहीं तर गाडी तें तत्काळ बोलून दाखवी. थोडी शक्ति असलेल्या गाडीला सर्व शक्ति वापरून चालवावें लागतें, आणि सर्व शक्ति वापरण्यांतच तर आनंद असतो. तो ताशीं ४५ मैलांवरही मिळे. पांचशें अश्वशक्तीच्या आजच्या गाडीच्या मालकाला सार्वजनिक रस्त्यावर कायदा न मोडतां तो क्वचितच मिळतो. त्याच्या वांट्यास बहुतेक वेळ दुसऱ्या गियरमधली घुसमट येते. स्वप्नांतली गाडी निवडतांना शक्तीचा आंकडाच पाहणारे लोक येथें फसतात.

कॅमेरून आर्गेटसिंगर नांवाचा एक कायद्याचा विद्यार्थी अशाच टी. सी. चा मालक होता. ही गाडी नुसती फिरविण्यानें त्याचें समाधान होईना. न्यूयॉर्क राज्यांतील वॉटकिन्स ग्लेन हें गांव त्याच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्यांच्या परिचयाचें होतें. तेथील चालत्या रस्त्यांवर, गांवाच्या मुख्य रस्त्यासह, सुमारें साडेसहा मैलांचा फेरा आंखून त्यानें शर्यतीची योजना मांडली, आणि ऑक्टोबर १९४८ मध्यें ती पार पडली. मार्गांत लोहमार्ग आडवा येत होता, म्हणून तेवढ्या वेळापुरती आगगाडी थांबविण्याची व्यवस्था करावी लागली! आर्गेटसिंगर स्वतःही आपल्या टी. सी. तून शर्यतींत उतरला. युद्धोत्तर अमेरिकेंतील रस्त्यावरच्या मोटार-शर्यतींचा हा आरंभ मानतात, आणि तो शनिवार-रविवारच्या हौशी लोकांनीं केला.

चारच वर्षांनीं, १९५२ सालच्या शर्यतींत, एक मोटार कडेला बसलेल्या प्रेक्षकांस घासून गेली. सात वर्षांचा एक मुलगा मरण पावला आणि इतर कित्येक जखमी झाले. गांवांतल्या रस्त्यांवरची शर्यत तेथेंच संपली. पुढील वर्षीं ती गांवाबाहेरच्या रस्त्यांवर गेली, आणि १९५६ सालीं तिच्यासाठीं स्वतंत्र बंदिस्त मार्ग बांधण्यांत आला.

तो मुलगा निदान शर्यत पाहावयास आला होता. खंडाळ्याच्या घाटांत रविवारीं सकाळीं रस्ता ओलांडणारा मनुष्य कांहींच पाहावयास आलेला नसतो. गाडीचा शेवटचा दम पाहण्याची ज्यास इच्छा असेल त्याच्यासाठीं चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथें आणि कोइमतूरजवळ बंदिस्त मार्ग आहेत. महाराष्ट्रांतून ते लांब पडतात हें खरें. परंतु लांब पडतात म्हणून घाट जवळ केला, हा युक्तिवाद कोणत्याही सभ्य गृहस्थास शोभणारा नाहीं.

ॲबिंगडनचा कारखाना १९८० सालीं बंद झाला. एम. जी. हें नांव पुढें चिनी मालकीकडे गेलें, आणि २०२५ सालीं त्या नांवाची विजेवर चालणारी दोन आसनांची गाडी भारतांतही विक्रीस आली. तिच्या किंमतींत १९२९ च्या किती मिजेट आल्या असत्या, हा हिशेब न केलेला बरा. जुन्या मिजेटचा खरा वारसा मात्र जपानांत हिरोशिमा येथें गेला. इंग्लंडांत अशा साध्या, हलक्या, उघड्या गाड्या निघेनाशा झाल्या होत्या. त्या पुन्हा कोणी तरी कराव्यात अशी सूचना बॉब हॉल या अमेरिकन मोटार-पत्रकारानें माझ्दा कंपनीच्या केनिची यामामोटो यांच्याशीं बोलतांना केली. त्यांतून, बऱ्याच वर्षांनीं, फेब्रुवारी १९८९ मध्यें शिकागोच्या प्रदर्शनांत ‘एम. एक्स. ५’ ही गाडी जगापुढें आली. एंजिन १,६०० घनसेंटिमीटरचें, अमेरिकेंतील आरंभींची किंमत १३,८०० डॉलर. ती घडवितांना जपानी अभियंत्यांनीं घोडा व स्वार एकजीव होणें या अर्थाचा आपल्या भाषेंतील एक जुना शब्दप्रयोग ध्येयवाक्य म्हणून पुढें ठेवला होता. २०१६ पर्यंत या गाड्यांची संख्या दहा लाखांवर गेली. शक्तीचा गर्व नसलेल्या गाडीस एवढीं गिऱ्हाइकें मिळालीं, यावरून लोकांना काय हवें होतें तें दिसतें. ती सकाळीं हमखास चालूं होई, हाही गुण कांहीं लहान नव्हे.

म्हणजे चालविण्याची हौस असणाऱ्यानें अशी नव्या काळाची गाडी घ्यावी, आणि सांभाळण्याची हौस असणाऱ्यानें टी. सी. सारखी जुनी. भारतांत ही निवड अधिक अवघड आहे. कारण साध्या व हलक्या नव्या स्पोर्ट्स मोटारी येथें जवळजवळ येतच नाहींत, येतात त्या महाग आणि बलाढ्य. त्यामुळें चालविण्याची हौस असलेला मनुष्यही पुष्कळदां जुन्या गाडीच्या दारीं जातो.

त्यानें तेथें काय पाहावें? रंग पाहूं नये. रंग पैशानें मिळतो. दार उघडून हलकेंच वर उचलून पाहावें. बिजागरीच्या मुळाशीं लांकूड कुजलें असेल तर दार हातांत खालींवर होतें, आणि मग सुताराचा खर्च एंजिनाच्या खर्चाच्या पुढें जातो. चक्र किती रिकामें फिरतें तें पाहावें. सांगाड्यावरचा व एंजिनावरचा क्रमांक कागदपत्रांशीं ताडून पाहावा. टी. सी. च्या एंजिनाखालीं तेलाचे चार थेंब असणें हा दोष मानीत नाहींत. ते मुळींच नसतील तर आंत तेल आहे कीं नाहीं तें आधीं पाहावें. आणि सर्वांत महत्त्वाचें, ही गाडी जाणणारा मिस्त्री आपल्या गांवांत आहे काय, हें गाडी घेण्यापूर्वीं शोधावें, नंतर नव्हे. घरच्या माणसांपासून किंमत लपवूं नये, आणि दुरुस्तीचा अंदाज तर मुळींच लपवूं नये. तो दर महिन्यास दारांत येऊन उभा राहतो.

सरकारनें २०२१ सालीं पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपांत राखलेल्या गाड्यांसाठीं स्वतंत्र नोंदणीचा नियम केला. नव्या नोंदणीस २०,००० रुपये, दहा वर्षांनीं नूतनीकरणास ५,००० रुपये, आणि क्रमांकाच्या पाटीवर ‘व्ही. ए.’ हीं अक्षरें. अशा गाडीनें रोज कचेरीस जातां येत नाहीं. प्रदर्शन, जुन्या मोटारींच्या फेऱ्या, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणें व दुरुस्ती, एवढ्यासाठींच ती रस्त्यावर यावी असा निर्बंध आहे. हौसेची मोटार म्हणजे काय याची याहून नेमकी व्याख्या एखाद्या कोशकारालाही साधली नसती.

परंतु कमी चालणें हेंच मोटारीला सर्वांत जास्त बाधतें. उभ्या गाडीच्या बॅटरींतील शिशाच्या पट्ट्यांवर कठीण थर जमतो आणि ती वीज धरीनाशी होते. टायर एकाच जागीं दबून चपटतात. वरची नक्षी नवी दिसली तरी रबर वयानें टणक होतें. ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषतें, म्हणून गाडी मुळींच चालली नसली तरी दोन वर्षांनीं तें बदलावें. पेट्रोल शिळें होतें. आणि २०२५ पर्यंत देशांतील बहुतेक पंपांवर आलेलें वीस टक्के इथेनॉलचें पेट्रोल पाणीही ओढतें व जुन्या काळच्या रबरी नळ्यांसही मानवत नाहीं, त्या नळ्या नव्या जातीच्या घालाव्या लागतात. पुष्कळ सद्‌गृहस्थ रविवारीं पांच मिनिटें एंजिन चालूं करून समाधान मानतात. त्यानें अपायच होतो. एंजिन पुरतें तापण्याआधींच बंद केल्यानें ज्वलनांतून निघालेली वाफ धुराच्या नळींत आणि वंगणांत पाणी होऊन राहते. चालूं करावयाचें तर वीस-पंचवीस मिनिटें रस्त्यावर न्यावें. नाहीं तर हातच लावूं नये.

कोंकण आणि घाटमाथ्यावर यांत पावसाळ्याची भर पडते. जून ते सप्टेंबर उघडी गाडी बाहेर काढतां येत नाहीं, आणि नेमका याच महिन्यांत गंज आपलें काम करतो. तेव्हां मृगापूर्वीं टांकी भरून ठेवावी, म्हणजे आंत हवेला व ओलाव्याला जागा राहत नाहीं. बॅटरीची तार सोडावी. टायरांत हवा थोडी अधिक भरावी. आच्छादन सुती असावें, प्लॅस्टिकचें नसावें, कारण त्याखालीं वाफ कोंडते. जागा कोरडी नसेल तर गाडीच घेऊं नये. मग दसऱ्याच्या आधींच्या रविवारीं तेल पाहून, ब्रेक तपासून, हवा मोजून गाडी हळूच गल्लीच्या टोंकापर्यंत न्यावी, तेथें उतरून चारही चाकांच्या आंतल्या बाजूस ओलें कांहीं दिसतें काय तें पाहावें, आणि सर्व ठीक असेल तरच झेंडूची माळ आणावयास बाजारांत जावें. दुसऱ्या आसनावर कोणी बसावयाचें, हें त्या वेळीं घरांतच ठरतें.