उच्चार कोणाचा चुकतो?



मोखाड्यात उच्चारावर बोलायचं, तर सुरुवात आपल्या गावांच्या नावांपासूनच करू. जव्हार, डोल्हारा, मोऱ्हांडा. एकदा मोठ्यानं म्हणून पाहा. व्ह, ल्ह, ऱ्ह म्हणताना व, ल, र यांच्याबरोबरच श्वास सुटतो. तो श्वास गळला की 'जवार' होतं आणि ह सुटा पडला की 'जवाहर'. म्हातारा, न्हावी, कोल्हा, तऱ्हा हे सगळे याच घराण्यातले शब्द.

मुंबईचा पाहुणा रोमन लिपीतली पाटी वाचतो आणि सूर्यमाळला 'सूर्यमल', खोडाळ्याला 'खोडाला' म्हणतो. त्याला कोणी अडाणी म्हणत नाही. पण पाड्यावरचं लेकरू पहिलीच्या वर्गात 'शाला' म्हणालं, 'पानी' म्हणालं, की वर्ग हसतो आणि ते लेकरू गप्प बसतं. गळालेला ळ दोन्हीकडे एकच. हसू मात्र एकाच्याच वाट्याला येतं. हा अन्याय आहे, आणि तो थांबवणं आपल्या हातात आहे.

वारली आणि कातकरी बोलणाऱ्या अनेक घरांत ळ चा ल आणि ण चा न होतो. हा आळस नव्हे, त्या बोलीचा नियम आहे. म्हणूनच तो एखाददुसऱ्या शब्दापुरता राहत नाही. डोळा 'डोला' होतो, काळा 'काला' होतो. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ साली निघाला. त्यात वारली आणि कातकरी या बोलींची वेगळी नोंद आहे. खानदेशात हाच डोळा 'डोया' होतो. बहिणाबाई चौधरी यांची गाणी १९५२ साली पुस्तकरूपानं आली आणि त्यांच्या बोलीसकट महाराष्ट्रानं ती डोक्यावर घेतली. तो मान आपल्या पाड्यांवरच्या बोलींना का मिळू नये?

शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी आणखी थोडं मागं जावं. संस्कृतात 'पानीय' आहे, तिथं न आहे. प्राकृतात त्याचा ण झाला आणि आपलं पाणी आलं. संस्कृतातलं 'फल' मराठीत फळ झालं. सुभाषितातलं 'फल' विद्वत्तेचं आणि लेकराच्या तोंडचं 'फल' गावंढळ, असं कसं चालेल? जिह्वा हा संस्कृत शब्द आपण सगळे जिव्हा असाच लिहितो. चिह्न या शब्दाचं चिन्ह झालं. ष आणि श यांतला फरक तर आपल्यातले फारच थोडे लोक बोलताना पाळतात. उच्चार सगळ्यांचेच बदलले. काहींचे बदल पुस्तकात गेले, काहींचे घरातच राहिले.

मग शाळेत ळ शिकवायचाच नाही का? शिकवायचा, आणि नीट शिकवायचा. वेळ आणि वेल, माळ आणि माल, काळ आणि काल यांत अर्थ बदलतो. ते कळलं नाही तर पुढं लेकराचंच अडेल. पण मधेच टोकून ते शिकवता येत नाही. मूल गोष्ट सांगत असेल तर ती आधी पुरी ऐका. नंतर अशा शब्दांच्या जोड्या घ्या. ळ म्हणताना जिभेचं टोक मागं वळून टाळूला लागतं, ते करून दाखवा. तुझ्या घरी असं म्हणतात, पुस्तकात असं लिहितात, एवढं सांगितलं तरी पुरतं. घरचा शब्द खोटा ठरवण्याची गरज पडत नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमात शक्य तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे. कायद्याचं काम तिथं संपतं. पुढचं काम शिक्षकाच्या कानाचं. बाहेरून बदलून आलेल्या प्रत्येक शिक्षकाला, ग्रामसेवकाला आणि डॉक्टरांना माझी विनंती आहे की पहिल्या आठवड्यात इथल्या गावांची नावं इथल्या माणसांकडून म्हणायला शिका, आणि चुकलात तर लेकरांना दुरुस्त करू द्या. मोऱ्हांड्याचा ऱ्ह ज्या लेकरानं तुम्हाला शिकवला, ते तुमच्याकडून ळ आनंदानं शिकेल.