शेजाऱ्याची भिंत आणि आपली खिडकी

यवतमाळ, पुसद, वणी येथील जुन्या वस्त्यांत कौलारू घरे जाऊन इमले उठत आहेत. शेजारच्या घरधन्यास धास्ती वाटते ती आपल्या खिडकीची. त्याचे हक्क दोन आहेत. त्यांची गल्लत होऊ नये.

पहिला खाजगी. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम १५ नुसार घरास वीस वर्षे निर्वेधपणे व सुविधाधिकार म्हणून उजेड-वारा मिळत आला असेल, तर तो अडविणाऱ्यावर दिवाणी दावा चालतो. मात्र मोकळ्या अंगणास हा हक्क नाही. आणि किंचित अंधार पुरत नाही, राहणे कष्टाचे व्हावे इतकी हानी सिद्ध करावी लागते.

दुसरा सार्वजनिक. परवानगीवाचून केलेले बांधकाम १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमान्वये नगरपरिषदेस नोटीस देऊन हटविता येते. येथे वीस वर्षांची अट नाही. उडुपीच्या निवासी भागातील चित्रपटगृहाविरुद्ध एका रहिवाशाने दाद मागितली, ती १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली.

परंतु अडथळा ठाऊक असूनही जो वर्षभर स्वस्थ बसतो, त्याची वीस वर्षांची साखळी तुटते. यास्तव पाया खणला जात असतानाच मंजूर नकाशा पाहावा व हरकत लेखी नोंदवावी. भिंत उभी राहिल्यावर भांडण वाढते, उजेड वाढत नाही.