न्हाणीघरातला सोडा आणि रक्ताचा सामू

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



‘अल्कली’ हा शब्द आपल्याकडे इंग्रजीच्या वाटेनं आला, पण तो मूळचा अरबी. ‘अल्-क़ली’ म्हणजे खाऱ्या जमिनीत उगवणाऱ्या झुडपांची राख. ती पाण्यात कालवायची, निवळी घ्यायची आणि तेलाबरोबर उकळून साबण करायचा, ही त्या मुलखातली जुनी रीत. आमची अम्मी चुलीतल्या राखेनं भांडी घासायची. तिला शब्दाचं मूळ ठाऊक नव्हतं, पण राख तेलकटपणा कापते हे पक्कं ठाऊक होतं.

आज राखेच्या त्याच गुणाला नवा भाव आला आहे. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा किंवा क्षारांची महागडी पुडी टाका, अर्धा तास त्यात बसा, टब नसेल तर निदान पाय बुडवा. शरीरातलं ‘ॲसिड’ कातडीवाटे बाहेर पडेल, रक्त अल्कधर्मी होईल आणि सांधेदुखीपासून मधुमेहापर्यंत सगळं हटेल, असं सांगितलं जातं. मी कवी माणूस, बी.ए.पर्यंत शिकलेला. डॉक्टर नव्हे. पण शब्दांशी रोजचा व्यवहार असल्यामुळं एखादा शब्द भलत्या ठिकाणी वापरला की खटकतो. म्हणून वाचलं, डॉक्टर मित्रांना विचारलं. ते आज आपल्यापुढं ठेवतो.

आम्ल किती आणि अल्क किती हे ज्या मापानं मोजतात त्याला पीएच किंवा सामू म्हणतात. हे माप 1909 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन या रसायनशास्त्रज्ञानं दिलं. 7 म्हणजे मध्य. त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. एका अंकाचा फरक म्हणजे दहापटीचा फरक. लिंबाच्या रसाचा सामू 2 च्या आसपास, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याचा साधारण 8.3, अंगाच्या साबणाचा बहुधा 9 ते 10. माती तपासून घेणाऱ्या शेतकरी बंधूंना सामू नवा नाही. सामू साडेआठच्या वर गेलेली चोपण जमीन पिकाला कशी छळते, हे त्यांना विचारा. तेव्हा अल्क म्हणजे चांगलं आणि आम्ल म्हणजे वाईट, हा हिशेब मातीतही चालत नाही.

शरीरात तर मुळीच चालत नाही. ‘शरीराचा सामू’ असा एकच आकडा नसतो. जठरातला रस दीड ते साडेतीन इतका जहाल आम्ल. तसा नसता तर अन्न पचलं नसतं. कातडीचा वरचा थर 5 च्या आसपास. आणि रक्त 7.35 ते 7.45, म्हणजे किंचित अल्कधर्मीच. आपण ‘मला ॲसिडिटी झाली’ म्हणतो ती जठराची तक्रार. तिचा अर्थ रक्त आम्ल झालं असा होत नाही. एका शब्दाच्या या दोन अर्थांत घोटाळा करूनच पुष्कळ माल विकला जातो.

रक्ताचा हा आकडा शरीर डोळ्यांत तेल घालून सांभाळतं. रक्तातच बायकार्बोनेट नावाचा पहारेकरी असतो. आम्ल वाढलं की तो ते झेलतो. फुप्फुसं दिवसाला पाऊण किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासातून बाहेर टाकतात. उरलेलं आम्ल मूत्रपिंडं लघवीवाटे काढतात. म्हणून लघवीचा सामू खाण्यापिण्याप्रमाणं खालीवर होतो. कागदी पट्टीवर तो रंग बदललेला दाखवून ‘पाहा, तुम्ही ॲसिडिक आहात’ असं म्हणणारे भेटतात. खरं तर मूत्रपिंडं आपलं काम करीत आहेत, एवढंच ती पट्टी सांगते.

मग न्हाणीघरातला सोडा यात कुठं बसतो? रक्तापर्यंत तो पोचतच नाही. कातडीचा वरचा थर कागदाहून पातळ, पण मृत पेशी आणि स्निग्ध द्रव्य यांनी लिंपलेला. क्षार सहजासहजी आत येऊ नयेत आणि आतलं पाणी बाहेर जाऊ नये, हेच त्याचं काम. आपल्या कोकणकिनाऱ्याचं उदाहरण घ्या. समुद्राच्या पाण्याचा सामू 8.1 च्या आसपास असतो, म्हणजे पुडीवाल्यांच्या टबाच्या जवळपासच. कोळी आणि दालदी मच्छीमार पिढ्यान् पिढ्या त्या पाण्यात उभे आहेत. म्हणून त्यांचं रक्त तुमच्याआमच्याहून अधिक अल्कधर्मी झालेलं नाही आणि मधुमेहानं त्यांची घरंही वगळलेली नाहीत. टबातल्या पाण्याचा सामू अंघोळीनंतर थोडा उतरला, तरी त्यात घामातलं आणि कातडीवरचं आम्ल असतं. रक्तातलं नव्हे.

उलट कातडीला स्वतःचं आम्ल हवं असतं. 1928 मध्ये शाडे आणि मार्किओनिनी या जर्मनीतल्या दोन संशोधकांनी त्याला ‘आम्लाचं आवरण’ असं नाव दिलं. या आवरणामुळं उपद्रवी जंतूंना थारा मिळत नाही आणि कातडीतला ओलावा टिकतो. तान्ह्या बाळाची कातडी जन्मतः जवळजवळ उदासीन असते, पुढच्या काही दिवसा-आठवड्यांत ती आम्लधर्मी होते. सोड्याच्या किंवा कडक साबणाच्या पाण्यात फार वेळ बसल्यावर अंग ताणल्यासारखं, कोरडं वाटतं, ते हे आवरण धुतलं गेल्यामुळं. निरोगी माणसाचं काही तासांत सावरतं. इसब असलेल्याचं मात्र दुखणं वाढतं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी बोललोही नसतो. आमच्या मोहल्ल्यात एक खाला राहतात. वीस वर्षांचा मधुमेह. एका शिबिरात त्यांना सांगितलं गेलं, सोड्याच्या कढत पाण्यात रोज पाय बुडवा आणि इन्सुलिन हळूहळू सोडा. जुन्या मधुमेहात पायांची जाणीव बोथट होते. “पाणी इतकं गरम आहे हे मला कळलंच नाही रे बाबा,” खाला मला म्हणाल्या. पाय पोळले, जखम चिघळली, डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली.

यातला क्रूर विनोद असा की, रक्त खरोखर आम्ल होण्याचा धोका इन्सुलिन सोडल्यानंच असतो. इन्सुलिन नसलं की शरीर चरबी जाळू लागतं, त्यातून किटोन नावाची आम्लं रक्तात साठतात. उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास, ग्लानी ही त्याची लक्षणं. त्यावर उपाय एकच, ताबडतोब रुग्णालय. तिथं इन्सुलिन आणि सलाइन. मूत्रपिंडं थकली तरीही रक्तातलं आम्ल वाढतं. तेव्हा डॉक्टर सोड्याच्याच गोळ्या देतात, पण पोटातून आणि रक्त तपासून.

ही भूल आपल्याकडेच पडते असं नाही. अमेरिकेत रॉबर्ट यंग नावाच्या गृहस्थानं ‘द पीएच मिरॅकल’ हे पुस्तक लिहून अल्काचा मोठा बोलबाला केला. गंभीर आजारी माणसांना तो शिरेतून सोडा देई. वैद्यकीय परवाना नसताना उपचार केल्याबद्दल 2016 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ज्यूरीनं त्याला दोषी ठरवलं. 2018 मध्ये एका कर्करोगग्रस्त बाईला 10 कोटी 50 लाख डॉलर भरपाई द्यावी, असा निकाल त्याच्याविरुद्ध लागला. निकालानं पैसे मिळतात, उपचाराविना गेलेला वेळ मिळत नाही.

गरम पाण्याशी माझं भांडण नाही. वज्रेश्वरी-अकलोलीच्या कुंडांवर किंवा राजापूरच्या उन्हाळ्यावर जाऊन आलेल्यांना विचारा, अंग कसं मोकळं होतं. उबेनं स्नायू सैलावतात, मन निवतं, झोप लागते. तेवढ्यासाठी जरूर न्हा. मधुमेह असेल तर पाय टाकण्याआधी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी पाण्यात हात घालून पाहायला सांगा. अंघोळ झाली की अंग पुसा, तेल लावा आणि आपलं औषध वेळेवर घ्या.